न्याहारीचा वाडगा

दिल्लीच्या हिवाळ्यातली सकाळ उशिरा उजाडते; पण घरोघरची धांदल सूर्याची वाट पाहत थांबत नाही. धुक्याने वेढलेल्या रस्त्यांवरून शाळांच्या बसगाड्या धावू लागतात, मेट्रोच्या पहिल्या गाड्या नोएडा, गुरुग्राम आणि फरीदाबादकडे माणसांचे लोंढे नेऊ लागतात, आणि एकाच वेळी चार डबे भरणाऱ्या गृहिणीला स्वतःच्या पोटाचे भान उरत नाही. जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांत या सुमारास बेडमी पुरी आणि बटाट्याच्या रस्साभाजीचा दरवळ सुटलेला असतो. पंजाबी घरांत तव्यावर पराठे फुलत असतात. करोलबाग आणि पहाडगंज भागांतल्या जुन्या मराठी बिऱ्हाडांत फोडणीच्या पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली जात असते. या सर्व मंडळींच्या पंक्तीत गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव ग्रॅनोला.

हा पाहुणा दिसायला देखणा आणि वागायला सोयीचा आहे. ओटचे चपटे पोहे, बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया, थोडे तेल आणि मध किंवा साखर यांचे मिश्रण भट्टीत खरपूस भाजले, की त्याचे कुरकुरीत, सोनेरी खडे तयार होतात. वाडग्यात मूठभर घालावेत, वर दूध ओतावे, चार स्ट्रॉबेऱ्या किंवा निळ्या-जांभळ्या बेरी पसराव्यात, की न्याहारी सिद्ध झाली. चूल पेटवावी लागत नाही की फोडणीचा धूर होत नाही. पाकिटावर आरोग्याची ग्वाहीही छापलेली असते. किंमत मात्र पोह्यांच्या कितीतरी पट असते. तेव्हा ज्या घरात महिन्याचा हिशेब काटेकोरपणे मांडावा लागतो, त्या घरापुढे प्रश्न उभा राहतो. हा वाडगा खरोखर किती सकस आहे? त्याच्या किमतीतला किती भाग अन्नाचा आणि किती भाग नावाचा?

उत्तर शोधण्यापूर्वी पाहुण्याचे कुळ पाहून घेणे बरे. ग्रॅनोलाचा जन्म अमेरिकेत एका आरोग्यधामात झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल या गावी जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या भाजून, त्यांचा चुरा करून, तो पुन्हा भाजून एक पदार्थ केला आणि त्याला 'ग्रॅन्युला' असे नाव दिले. तो इतका कठीण असे, की रात्रभर दुधात भिजवल्याखेरीज तो चावता येत नसे. पुढे मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक येथील डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच धर्तीचा पदार्थ केला; नावावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' हे नाव रूढ केले. मांस, तळण आणि मद्य यांनी जड झालेल्या तत्कालीन अमेरिकी आहारावर साधे धान्य हा उतारा, अशी त्या मंडळींची धारणा होती. साखरेची गोडी ही त्या मूळ कल्पनेत मुळीच नव्हती.

याच सुमारास युरोपातही असाच विचार चालू होता. झुरिक येथील डॉक्टर बिर्चर-बेन्नर यांनी १९०० च्या आसपास आपल्या रुग्णांना 'म्यूस्ली' देण्यास आरंभ केला. आज म्यूस्ली म्हटले, की धान्याने भरलेला वाडगा डोळ्यांपुढे येतो. पण मूळच्या म्यूस्लीत धान्य नाममात्रच होते. भिजवलेले ओट चमचाभर, आणि बाकी सारा भार किसलेल्या ताज्या सफरचंदावर. सोबत थोडे दूध, लिंबाचा रस आणि कुटलेला सुकामेवा. अर्थात मूळ पदार्थात फळ हे अन्न होते आणि धान्य ही त्याची जोड होती. व्यापाराच्या हातात गेल्यावर हा क्रम उलटला, कारण फळ नासते आणि भाजलेले धान्य महिनोन्‌महिने टिकते. जे टिकते ते पाकिटात भरता येते, आणि जे पाकिटात भरता येते त्याचीच जाहिरात होते.

धान्य भाजून ते दुधात कालवून खाण्याची कल्पना भारताला नवी मात्र नाही. महाराष्ट्रात ज्वारीच्या लाह्या, लाह्यांचे पीठ आणि दूध-गूळ घातलेले पोहे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. भाजलेले गहू आणि डाळे यांचे सातूचे पीठ दुधात कालवून प्रवासाला निघणारा वाटसरू जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा होता. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातला भाजलेल्या हरभऱ्याचा सत्तू आज दिल्लीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पेल्यांनी विकला जातो, आणि दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसांची ती खरीखुरी न्याहारी आहे. ओट या धान्यालाही उत्तरेत 'जई' असे जुने नाव आहे. हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्यात ते पिकते, पण प्रामुख्याने गाईम्हशींचा हिरवा चारा म्हणून! दिल्लीकरांच्या वाडग्यातल्या दुधात जई अशी आधीपासूनच अप्रत्यक्षपणे उतरलेली आहे.

आता वाडग्यातल्या एकेका घटकाकडे वळावे. पहिला घटक धान्य. शंभर ग्रॅम ओटमध्ये सुमारे ३८० ते ३९० उष्मांक, १३ ते १७ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. या चोथ्यातला 'बीटा-ग्लुकन' नावाचा अंश विशेष गुणाचा आहे. तो पाण्यात विरघळून आतड्यात बुळबुळीत, दाट असा थर निर्माण करतो. त्यामुळे पिष्टमय पदार्थांचे पचन सावकाश होते, रक्तातली साखर एकदम उसळत नाही, आणि पित्तरसातली काही आम्ले या थरात अडकून शरीराबाहेर टाकली जातात. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते, आणि त्याचे प्रमाण काहीसे उतरते. दररोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास हा परिणाम दिसतो, असे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओटच्या पाकिटांवर तसा उल्लेख करण्यास अनुमती दिली. परंतु येथे प्रमाणाचे भान हवे. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळण्यास सुमारे ७५ ग्रॅम ओट लागतात. पन्नास ग्रॅम ग्रॅनोलात ओट बहुधा तीसच ग्रॅम असतात. बाकीचे साखर, तेल आणि सुकामेवा. म्हणजे हृदयरक्षणाचे जे अभिवचन ओटने दिले, ते ग्रॅनोलाने अर्ध्याहूनही कमी पाळले, असे म्हणावे लागेल.

दुसरा घटक दूध. धान्य आणि दूध यांची जोडी केवळ चवीची नाही. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात, आणि त्यांतली काही आम्ले शरीराला स्वतः घडवता येत नाहीत. धान्याच्या प्रथिनांत यांपैकी लायसिन हे कमी पडते; दुधात ते विपुल असते. दोन्ही एकत्र आली, की एकाचे उणे दुसरे भरून काढते. वरण-भात आणि दूध-पोहे यांमागे हेच गणित आहे. आपल्या आज्यांनी ते रसायनशास्त्राच्या साहाय्यावाचून सोडवले होते. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने आणि २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे २०२० चे मानक सांगते. एका पेल्याने त्याचा चौथा हिस्सा साधतो.

हे दूध राजधानीतल्या सामान्य माणसापर्यंत पोहोचण्याची कथाही थोडी सांगण्याजोगी आहे. फाळणीनंतर दिल्लीची वस्ती झपाट्याने वाढली आणि दुधाची चणचण भासू लागली. १९५९ मध्ये दिल्ली दूध योजना सुरू झाली. १९७४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मदर डेअरीची स्थापना केली, आणि नाणे टाकताच भांड्यात मोजून दूध सोडणारी यंत्रे वस्त्यावस्त्यांत आली. या दुधाचा एक सर्वपरिचित प्रकार म्हणजे 'टोन्ड' दूध. त्याचा उगम मुंबईचा. म्हशीच्या घट्ट दुधात स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून दूध स्वस्त करावे, पण त्यातली प्रथिने घटू देऊ नयेत, ही युक्ती दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये तेथे अमलात आणली. आज टोन्ड दुधात किमान ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असावा, असा नियम आहे. प्रथिने आणि कॅल्शियम तिन्हींत जवळपास सारखेच असतात. ग्रॅनोलात तेल आणि सुकामेवा असतोच. म्हणून त्याच्या जोडीला वाढत्या वयाच्या मुलांखेरीज इतरांनी फुल क्रीमचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

तिसरा घटक बेरी, म्हणजे मृदु, रसाळ, लहान फळे. या शब्दाची एक गंमत आहे. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे स्ट्रॉबेरी ही बेरी नव्हेच. उलट केळे, द्राक्ष आणि टोमॅटो या बेरी ठरतात. पण शास्त्रज्ञांची व्याख्या बाजारात चालत नाही. दिल्लीच्या आझादपूर बाजारात हिवाळ्यात जी स्ट्रॉबेरी उतरते, तीत महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीतली फळेही असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. ब्लूबेरी मात्र बहुतांशी समुद्रापलीकडून येते आणि तिच्या मोलात तो सारा प्रवास मिळवलेला असतो. तिची कीर्ती ज्या जांभळ्या रंगद्रव्यांमुळे आहे, ती ॲन्थोसायनिन नावाची द्रव्ये जांभळात आणि फालशातही भरपूर आहेत. आणि दिल्लीला जांभळांचे काय दुर्भिक्ष्य? नवी राजधानी वसवताना तिच्या हमरस्त्यांच्या कडेला जांभळाची झाडे रांगेने लावली गेली. ज्या राजपथाला २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात, त्याच्या दोन्ही अंगांस आषाढाच्या तोंडावर जांभळांचा सडा पडतो.

नीट पाहिले, तर दिल्लीला बेरींचे एक स्वतःचे पंचांगच आहे. मार्च-एप्रिलमध्ये लांबट, मधुर शहतूत, म्हणजे आपली तुती. त्याच सुमारास कागदी वेष्टनात गुंडाळल्यासारखी दिसणारी पिवळी रसभरी. मे-जूनच्या काहिलीत काळे मीठ लावलेला आंबटगोड फालसा. पावसाच्या आरंभी जांभूळ. थंडी पडली की आवळा आणि पेरू, आणि मागोमाग बोरे. कोकणातली करवंदे तेवढी येथवर सहसा पोहोचत नाहीत, एवढेच मराठी मनाला रुखरुख लावणारे उणे. ही सारी फळे हातगाडीवर मिळतात, आणि त्यांच्या मोलात विमानाचे भाडे नसते.

फळांतून मुख्यतः क जीवनसत्त्व, चोथा आणि पोटॅशियम मिळते. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत साठ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. ब्लूबेरीत दहाच्या आसपास. आणि गरिबाचे फळ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पेरूत दोनशेच्याही वर. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ६५ आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम आहे. हे जीवनसत्त्व केवळ हिरड्यांसाठी हवे असते असे नाही. धान्यातले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, कारण धान्यातल्या फायटेट नावाच्या द्रव्याने ते जखडलेले असते. क जीवनसत्त्व ही मगरमिठी सैल करते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पाच वर्षांखालच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षीण आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. ज्या देशाची ही स्थिती, त्या देशात न्याहारीवर पिळलेले लिंबू किंवा पेरूच्या चार फोडी ही चैन म्हणता येणार नाही. येथे एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. दुधातले कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्ये लोहाच्या शोषणास अडथळा करतात. म्हणून दुधाचा वाडगा हा हाडांचा सोबती मानावा, आणि रक्तासाठी दुपारच्या जेवणातल्या बाजरी, पालेभाजी, डाळ व लिंबू यांवर भिस्त ठेवावी. न्याहारीबरोबर चहा घेण्यापेक्षा तो तासाभराने घेतलेला बरा.

आता चौथा घटक. तो चित्रात दिसत नाही, पण वाडग्यात असतो. तो म्हणजे साखर. बाजारातल्या शंभर ग्रॅम ग्रॅनोलात बहुधा साडेचारशेच्या वर उष्मांक असतात, आणि साखर पंधरापासून तीस ग्रॅमपर्यंत कितीही असू शकते. मध्यम प्रतीचा ग्रॅनोला ५० ग्रॅम, टोन्ड दूध २०० मिलिलिटर आणि स्ट्रॉबेरी ७५ ग्रॅम, असा वाडगा धरला, तर त्यातून सुमारे ३७० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, २५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व मिळते. ही न्याहारी वाईट म्हणता येणार नाही. साखर लावलेल्या मक्याच्या पोह्यांपेक्षा आणि तेलात डुंबलेल्या भटुऱ्यांपेक्षा ती निश्चित उजवी आहे. पण तिच्यासोबत वरून घातलेली दहा-बारा ग्रॅम साखर पोटात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाच्या अशा साखरेची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे दिवसाचे पहिले तास सरण्यापूर्वीच जवळजवळ निम्मा शिधा संपला. मध, गूळ किंवा खजुराचा पाक अशी सात्त्विक नावे घेतली, म्हणून हा हिशेब फारसा बदलत नाही. ज्या देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला, त्या देशात हा हिशेब दुर्लक्षून चालणार नाही.

अन्नाचे असे मोजमाप करण्याची शिस्त या देशात ज्यांनी रुजवली, त्यांत एका मराठी विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आणि योगायोगाने त्यांच्या जीवनाचे दोन महत्त्वाचे प्रसंग दिल्लीतच घडले. त्या म्हणजे डॉक्टर कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत या एकाच कारणाने सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर अटींसह प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या १९३९ मध्ये मायदेशी परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. तेथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत गेल्या. नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ अशा सामान्य माणसाच्या अन्नाचे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पृथक्करण केले; नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांचा सल्ला मिळाला.

परंतु प्रयोगशाळेतले ज्ञान बाजाररहाट करणाऱ्या स्त्रीच्या पिशवीपर्यंत पोहोचले नाही, तर ते अपुरे राहते, ही जाणीव त्यांना होती. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या आरंभापासूनच्या सहकारी. पुढे त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहून लोकांना शिकवले. १९९८ मध्ये आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा नवी दिल्लीत सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी अध्यापनाला आरंभ केला, त्याच शहरात त्यांच्या कार्याची अखेरची कदर झाली.

त्यांच्या शिकवणीचे सार आजच्या पाकिटाला लावता येते. पाकिटाच्या दर्शनी भागावर चित्रे आणि विशेषणे असतात. सत्य मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असते. नियमाप्रमाणे घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत पहिले नाव ओटचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर तो पदार्थ न्याहारीपेक्षा मिठाईच्या जवळचा समजावा. साखर तीन निरनिराळ्या नावांनी विखुरलेली असेल, तर त्या तिन्हींची बेरीज मनात करावी. पोषणाच्या तक्त्यात 'वरून घातलेली साखर' हा रकाना निराळा असतो. तो शंभर ग्रॅमच्या मापाने वाचावा. 'एका वेळचे प्रमाण' म्हणून जे ३० किंवा ४० ग्रॅम छापलेले असतात, तेवढे एकदा तराजूत घालून पाहावे. वाडग्यात सढळ हाताने ओतलेला ग्रॅनोला त्याच्या दुपटीहून अधिक भरतो, असा अनुभव बहुतेक घरांना येईल. बेरींचे चित्र असलेल्या पाकिटात बेरी नेमक्या किती टक्के आहेत, हेही तेथेच वाचायला मिळते. आणि हा आकडा बहुधा चित्राएवढा रसाळ नसतो.

मग उपाय काय? पाहुण्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही; त्याला घरच्या रीतीत बसवावे. तीस ग्रॅम ओट किंवा जाड पोहे किंवा ज्वारी-बाजरीच्या लाह्या कोरड्याच मंद आचेवर कुरकुरीत कराव्यात. त्यात दहा ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दहा ग्रॅम फुटाणे आणि चमचाभर तीळ घालावेत. आठवड्याचा साठा रविवारी अर्ध्या तासात होतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात उत्तम राहतो. सकाळी त्यावर २०० मिलिलिटर दूध आणि पेरूच्या, जांभळाच्या किंवा तुतीच्या फोडी. ओट आणि पेरू धरून हिशेब केला, तर या वाडग्यात सुमारे ३९० उष्मांक, १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तिळांमुळे ३०० मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम आणि शंभराहून अधिक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते; वरून साखर शून्य. गोडी हवीच असेल, तर चमचाभर गूळ किंवा दोन खजूर. फुटाणे घालण्यामागे हेतू आहे. हरभऱ्यात लायसिन भरपूर असल्याने, ज्या दिवशी दूध कमी पडेल त्या दिवशीही धान्याच्या प्रथिनांचे उणे तो भरून काढतो. नाचणीचे पीठ किंवा पोहे वापरले, तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पदरात पडते. इतर कोणतेही नेहमीचे धान्य याच्या जवळपासही येत नाही. बाजरीची 'धनशक्ती' ही लोहसमृद्ध जात तर इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्या परिश्रमांतून महाराष्ट्राच्याच शेतांत प्रथम रुजली.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. दूध पचत नाही असे पुष्कळ प्रौढ लोक असतात, कारण दुधातली साखर पचवणारा पाचकरस वयाबरोबर घटतो. त्यांनी हाच वाडगा दह्यात कालवावा. विरजणाने ती साखर काही अंशी पचवलेली असते. वर्षाखालच्या बाळाला मध घातलेला कोणताही पदार्थ देऊ नये, आणि लहान मुलांना अख्खे दाणे न देता कूट द्यावे, म्हणजे घशात अडकण्याची भीती राहत नाही. मधुमेही माणसाने फळ चावून खावे, रस करून पिऊ नये, आणि वाडगा आपल्या औषधयोजनेत कसा बसतो ते वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. जांभळाने मधुमेह बरा होतो, ही समजूत कितीही लोकप्रिय असली, तरी जांभूळ हे फळ आहे. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

शेवटी ज्याच्यापुढे वाडगाच नाही, त्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. न्याहारी हे दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे जेवण होय, हे सुभाषित अमेरिकेतल्या धान्याच्या कारखानदारांनी जगभर गाजवले. धडधाकट, भरल्या पोटाच्या प्रौढ माणसाच्या बाबतीत त्यात अतिशयोक्ती आहे. परंतु रात्री अर्धपोटी झोपून सकाळी तसेच शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. उपाशी मुलाचे फळ्याकडे लक्ष लागत नाही, हे सांगायला संशोधकाची आवश्यकता नाही. प्रत्येक शिक्षकाला ते ठाऊक असते. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दुपारच्या भोजनाखेरीज सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली, आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या प्राथमिक शाळांत ती प्रत्यक्ष सुरू केली. दुसऱ्या टोकाला, ज्यांना अति मिळते त्यांच्यासाठी दिल्लीच्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले. कोणत्या खाऊत किती साखर असते, ते मुलांनी रोज डोळ्यांनी पाहावे, हा त्याचा उद्देश. एकाच शहरात एका मुलाला साखर कमी करायची आहे आणि दुसऱ्याला दुधाचा पेला मिळवायचा आहे. पोषणाचा प्रश्न असा दुतोंडी आहे, आणि महागड्या पाकिटाने त्याचे एकही तोंड मिटत नाही.

ग्रॅनोलाच्या वाडग्यात जे खरे मोलाचे आहे, ते कोंड्यासह धान्य, मूठभर दाणे, पेलाभर दूध आणि ऋतूचे ताजे फळ. ही चारही वस्तू दिल्लीच्या कोणत्याही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, दुधाच्या केंद्रावर आणि हातगाडीवर मिळतात, आणि त्यांना नवे नाव द्यावे लागत नाही. उद्या सकाळी धुके उतरण्यापूर्वी, शाळेची बस येण्याच्या आधी, त्या चार वस्तू एका वाडग्यात एकत्र आल्या, तर पाहुण्याचे सारे गुण घराला मिळतील आणि त्याची साखर दुकानातच राहील.